‘खाली’ लिहिलेले तुकडे

“पावडर बंद. साधंच अल्युमिनियम ओता.” मॅनेजर दिघेसाहेबांनी लॅबचा रिपोर्ट माझ्यासमोर टाकला. “बिनपावडरचा माल कमी झिजतोय. मग कशाला हा खटाटोप?”

मी मध्य प्रदेशात देवासच्या एका फाउंड्रीत क्वालिटी बघते. धारकडच्या एका कंपनीसाठी आम्ही लोडिंग रिक्षाचे ब्रेक ड्रम ओतत होतो. अल्युमिनियम हलकं, पण घासलं की लवकर झिजतं. म्हणून वितळलेल्या धातूत सिलिकॉन कार्बाइडची पावडर ढवळून मिसळतात. सँडपेपरवर असते तीच.

रिपोर्ट वाचून मी चक्रावले. बिनपावडरचे तुकडे आम्ही तपासायला पाठवलेच नव्हते. लॅबला फोन लावला.

“मॅडम, आपने ही मार्कर से ‘खाली’ लिखा था,” तिथले राठौर म्हणाले. “खाली मतलब बिना पावडर का. दूसरे पे ‘वर’ था, वो समझ में नहीं आया, तो पावडर वाला मान लिया.”

मी एकाच ड्रमचे वरून आणि खालून तुकडे कापले होते. माझं खाली म्हणजे तळाचं, त्यांचं म्हणजे रिकामं. ढवळणं कमी पडलं, पावडर तळाशी बसली, म्हणून तळ टिकला आणि वरचा भाग झिजला. सुधारायचं होतं ते ढवळणं.

राठौरांचं मी समजू शकते. पण दिघेसाहेब घरी अजून जुन्या वळणाचं मराठी बोलतात, त्यांना ‘खाली’ कळायला हवं होतं. त्यांना जाऊन सगळं सांगितलं.

“ते माझ्या लक्षात आलं होतं,” ते शांतपणे म्हणाले. “पण पावडरचा खर्च वाचतोय, रिपोर्ट आपल्या फायद्याचा आहे ना? सही करा.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सोयाबीन भरून बदनावर मंडीला निघालेली रिक्षा उतारावर थांबली नाही, तर हे काय माझी सही दाखवणार होते?

“सही होणार नाही. धारच्या लोकांना मी आत्ताच कळवतेय.”

“नोकरी जड झालीय का, मॅडम?”

मी त्यांच्यासमोरच फोन लावला. तो लॉट परत भट्टीत गेला. नीट ढवळून नवे ड्रम ओतले, ते वरखाली सारखेच टिकले आणि पास झाले. “क्वालिटी में समझौता नहीं करते हम,” दिघेसाहेबांनी कस्टमरला ऐकवलं. मी दात-ओठ खात शेजारी उभी.

आता तुकड्यांवर मी ए आणि बी लिहिते. तसे राठौर अर्धे बरोबरच होते, फक्त तुकडा चुकला. आमचा वरचाच भाग त्यांच्या अर्थाने खाली होता. ड्रममध्ये तो ढवळून भरता आला. ऑफिसातल्या वरच्यांसाठी ती सोय नाही.