चौकटीतली परवानगी

कुणाला काही देताना ते घेणाऱ्याकडे कधी बघत नसत. फोटोग्राफरकडे बघत. कुबडी असो, शिलाई मशीन असो, नाहीतर वह्यांचा गठ्ठा, वस्तू पुढे करून ते थांबत, मान तिरकी करत आणि ओठ न हलवता म्हणत, "सोडू नका, अजून धरा."

अशी माणसं तुमच्याही गावात असतील. आमच्याकडचे हे गृहस्थ सांगलीतल्या एका अपंग मदत संस्थेचे चिटणीस होते. मी साताऱ्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, फारसं न बोलणारी. नव्वदच्या दशकात त्यांच्या कचेरीत टायपिंग करायचे. "आमच्या इंग्लिश मॅडम" अशी ते माझी ओळख करून देत. मराठीत चार ओळींत संपणारा अर्ज मला इंग्रजीत दोन पानांचा करावा लागे. "वजन पडतं," ते म्हणत. कुणावर पडतं, ते मी विचारलं नाही. पगार तिथेच होता.

सुमन वडूजकडची. लहानपणी कडबा कुट्टीच्या यंत्रात तिच्या उजव्या हाताची बोटं गेली आणि पुढे शाळाही सुटली. आता सांगलीत मावशीकडे राहून, सतरा नंबरचा फॉर्म भरून, ती बाहेरून दहावीला बसत होती. पास झाली तर अपंगांच्या राखीव जागेवर नोकरीचा अर्ज करता येणार होता. नाही झाली तर गुमान गावी परतायचं, असं वडिलांनी बजावलं होतं. डाव्या हाताने ती लिहायची, पण तीन तासांत पेपर पुरा होणं शक्य नव्हतं. तिला लेखनिक हवा होता आणि अर्धा तास जादा. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो. मावशीच्या शेजारची नववीतली मुलगी तयार होती. राहिली होती ती बोर्डाची परवानगी. त्यासाठी ती आमच्या कचेरीत आली.

"मिळाली म्हणून समजा!" चिटणीस म्हणाले.

"समजून काय करू, सायेब? मिळाली की सांगा."

खरं सांगायचं तर परवानगी त्यांनीच आणली. पुन्हा पुन्हा एस.टी.ने बोर्डाच्या कचेरीत गेले, डबा मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिले. एवढा खटाटोप दुसऱ्या कुणी केला नसता. आणि आणल्यावर त्यांनी जे केलं, तेही दुसऱ्या कुणी केलं नसतं. त्यांनी त्या कागदाला चौकट करून घेतली. वर काच, सोनेरी कड, आणि कोपऱ्यात स्वतःचा, कुणाला तरी कुबडी देतानाचा फोटो.

"समारंभात देऊ," ते म्हणाले.

"आवं, त्यो परीक्षेचा कागद हाय. भितीला लावायचा न्हाई."

"नुसता हातात ठेवला तर कागद. हार घालून दिला तर सन्मान. तुम्हाला नाही कळायचं ते."

प्रमुख पाहुणे तारीख पुढे ढकलत गेले. शेवटी समारंभ आला तो पहिल्या पेपरच्या सकाळी. पेपर अकराला, समारंभ नऊला. "भरपूर वेळ आहे," चिटणीस म्हणाले. वेळेचं सोडा, त्या माणसाला पेपर म्हणजे काय असतो हेच ठाऊक नव्हतं.

दहा वाजले तरी पाहुण्यांचा पत्ता नव्हता. सुमन व्यासपीठावर, मांडीवर हॉल तिकिटाची पिशवी. चिटणीस माइकवर सांगत होते, "पाहुणे निघालेत. आले म्हणून समजा!"

सुमन उठली. टेबलावरची चौकट तिने काखेत मारली आणि माइकपाशी वाकली. "मला पेपर हाय. तुमचं चालू द्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

चिटणीस तिच्यामागे धावत फाटकापर्यंत आले. मला वाटलं, या माणसाला आता तरी लाज वाटली.

"सुमनताई, एकच फोटो!" धापा टाकत त्यांनी चौकट तिच्याकडून काढून घेतली. द्यायची तर आधी हातात हवी ना! फोटोग्राफर मागून पळत येत होता. मी रिक्षाला हात केला.

"द्या, द्या, लौकर द्या," सुमन म्हणाली. तिची नजर रिक्षावर, त्यांची कॅमेऱ्यावर.

"सोडू नका, अजून धरा."

परीक्षा केंद्रावर केंद्रसंचालकांनी ती चौकट उलटसुलट करून पाहिली. "हे फाइलला कसं लावू, बाई?" शिपायाने पक्कड आणून खिळे उपटले. कागद खळीने पुठ्ठ्याला डकवलेला होता. मग पुठ्ठ्यासकट फाइलला बांधला. घंटा झाली तेव्हा सुमन आणि तिची लेखनिक जागेवर बसल्या होत्या. सोनेरी चौकट, काच आणि चिटणीसांचा फोटो माझ्याजवळ राहिले. मी ते बाहेर पायरीवर पालथे ठेवले.

काही वर्षांनी चिटणीस गेले. मी तोवर संस्था सोडली होती. सुमन एका सरकारी कचेरीत क्लार्क झाली होती. शोकसभेला आम्ही शेजारी बसलो. संस्थेकडे त्यांच्या फोटोंचे गठ्ठे होते, पण ते एकटे असे एकाही फोटोत नव्हते. प्रत्येक ठिकाणी कुणाला तरी काहीतरी देताना. म्हणून फाटकापाशी काढलेला फोटो कापून मोठा केला होता. सुमन त्यातून गेली होती. पण खालच्या कडेला, हाराखाली, चौकटीचा कोपरा राहिला होता, आणि त्याखाली बोटं नसलेला एक तळवा.

मी तिला तो दाखवला.

"सोडू नका म्हनलं हुतं की त्येनी," ती म्हणाली. "धरलाय अजून."