वीजरावची आई

“आधी गुदगुल्या, मग चिमटा.” नाटक कसं असावं ते असं सांगताना आमचे शेजारी खरोखरच दोन बोटं माझ्या दंडाजवळ आणायचे आणि मी त्यांच्या हातावर फटका मारायचे. साठी उलटलेला, वीज खात्यातून रिटायर झालेला माणूस. लाज म्हणून नाही.

स्नेहलतागंजच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे डायरेक्टरसाहेब म्हणत. गणपतीत मंडळाचं नाटक तेच बसवायचे. असा एक माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याला कोणी बोलावत नाही आणि त्याच्यावाचून कुणाचं पानही हलत नाही. त्यांची आणि माझी भिंत एकच होती. शिवाय माझ्याकडे शिलाईचं मशीन, म्हणून नाटकाचे कपडे माझ्याच गळ्यात.

बायको गेल्यावर माणसं देवळात जायला लागतात. हे मॉलमध्ये जायला लागले. हवेत उडणाऱ्या माणसांचे इंग्रजी सिनेमे, हिंदीत बोलणारे, ते बघायला. नवा आला की पहिल्या दिवशी हजर. परत आले की माझ्या ओट्यावर बसून सगळी गोष्ट सांगायचे, मी गहू निवडत असले तरी.

एका वर्षी ठरवलं, गणपतीत आपलाही सुपरहिरो पाहिजे. नाव वीजराव. हा एका घराच्या मीटरमध्ये शिरायचा आणि दुसऱ्या घराच्या मीटरमधून निघायचा. मध्येच लाइट गेली की असेल तिथे धपकन पडायचा. कपडे कसे असतात ते कळावं म्हणून मला सिनेमाला घेऊन गेले.

काय सांगू तुम्हाला. इमारतीवर इमारती पडतायत, पूल मोडतोय, आणि तो लाल कपड्यातला पोरगा मध्येच थांबून जोक सांगतोय. लोक खिदळतायत. मग त्याचा एक म्हातारा गुरू मेला. सगळं थेटर चूप. शेजारची पोरगी ओढणीने डोळे पुसायला लागली. आणि पाच मिनिटांत परत जोक!

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “अर्धं शहर पडलं त्याचं कुणाला काही नाही. एका म्हाताऱ्यासाठी रडारड?”

“काकू, शहरासाठी कोणी रडत नाही. माणूस एकासाठीच रडतो.”

“मग नीट रडू द्या ना. मध्ये मध्ये जोक कशाला?”

“जरा समझा करो. नुसतं रडवलं तर माणूस उठून जाईल. आधी हसवून खुर्चीत पक्का बसवायचा. मग त्याला पळता येत नाही.”

मला ते पटलं नाही. तेव्हा नाही. कपड्यांचं मात्र समजलं. त्यांना चड्डी पँटच्या वरून पाहिजे होती. मी सांगितलं, “आतली वस्तू आतच राहील. गणपतीबाप्पा समोर बसलेला असतो.” दोन दिवस तोंड फुगवून बसले, मग गुपचूप झग्याचं कापड आणून दिलं. पडद्याचं जांभळं कापड, पार टाचेच्या खाली येईल एवढं. मी म्हटलं, पायात येईल. म्हणे, “रुबाब आहे काकू, रुबाब.”

आता त्यांच्या मुलाचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

मुलगा हैदराबादला कंपनीत. आईच्या छातीत दुखतंय म्हणून बापाने फोन केला तेव्हा तो म्हणाला, आज ऑफिसचं काम आहे, उद्या निघतो. दुसऱ्या दिवशी निघाला. तो पोचायच्या आत ती गेली होती. त्यानंतर तो आला की दोन दिवस नुसते जोक सांगायचा. बाप हसायचा. मग बाप सांगायचा, मुलगा हसायचा. भिंतीतून मला सगळं ऐकू यायचं. इतकं पोकळ हसणं मी दुसरं ऐकलं नाही. आईचं नाव निघालं की मुलगा चप्पल घालून चौकात जायचा.

नाटकाची तालीम सुरू झाली आणि माझ्या लक्षात आलं. वीजराव सगळ्या शहराला वाचवतो, घरी येतो, तर आई मेलेली. मग मेलेली आई बोलते.

आईचं काम करायला गल्लीतली एक बाई तयार होईना. गणपतीत मरायचं, अपशकुन म्हणे. ते माझ्या दारात आले.

“काकू, आता तुम्हीच.”

“करते. कधीतरी मरायचंच आहे, सराव होईल.”

पण आईचं भाषण बघितलं आणि माझं डोकं फिरलं. ‘पुत्रा, तू नगराचे रक्षण करीत होतास, तुझ्या विलंबाचा मला विषाद नाही’, असं लांबच लांब.

“साहेब, मेलेली बाई एवढं बोलत नाही. आणि पुत्रा तर जिवंत बाईपण म्हणत नाही.”

“उस दिन वो आएगा, काकू. सुट्टी घेतली आहे पोराने. पहिल्या रांगेत बसवतो.”

“मग हे त्याला घरात सांगा ना. एका वाक्याचं काम आहे.”

“घरात सांगितलं तर उठून जाईल.”

पुरुषांची जात! मुलाला एक वाक्य सांगायला यांना मांडव पाहिजे, माइक पाहिजे, आणि झगा शिवायला मी पाहिजे.

नाटकाच्या दिवशी मांडव भरला होता. वीजराव झाला होता कोपऱ्यावरचा मेडिकलवाला, चांगलं पोट सुटलेला. “टेन्शन नी लेने का, भिया!” म्हणत तो मीटरमधून निघाला की लोक शिट्या मारत. लाइट गेली, पडला. परत गेली, परत पडला. मुलगा पहिल्या रांगेत खो खो हसत होता. गुदगुल्या झाल्या होत्या.

मग मी खाटेवर आडवी झाले. डोळे मिटले. वीजराव “आई!” करून ओरडत धावत आला, झगा खाटेच्या पायात अडकला आणि तो धाडकन तोंडावर आपटला. मी मेलेली होते खरी, पण आवाज असा आला की माझे डोळे उघडले आणि तोंडातून निघून गेलं, “लागलं का रे, मेल्या?”

मेलेल्या बाईने मेल्या म्हटल्यावर काय होणार? मांडव फुटायचा बाकी राहिला. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. पडद्याआड डायरेक्टरसाहेब डोक्याला हात लावून उभे. माझं भाषण डोक्यातून पार गेलं होतं, एक ‘पुत्रा’ सोडून. तो काही मी म्हणणार नव्हते.

मी उठून बसले. मेडिकलवाला खाली पडूनच माझ्याकडे बघत होता, आता पुढे काय.

“उशीर केलास,” मी म्हटलं.

“हो, आई.”

“मग काय झालं? आदल्या दिवशी आला असतास तरी मी जाणारच होते. तू दारात उभा आहेस म्हणून मरण परत जातं का? जगातलं सगळं तुझ्यावरच चालतं असं समजू नकोस. उगाच भाव खाऊ नकोस.”

आणि परत आडवी होऊन डोळे मिटून घेतले.

हसणं अर्ध्यात तुटलं. मग खुर्ची सरकली. पहिल्या रांगेतून कोणीतरी उठून बाहेर गेलं. मी डोळे उघडले नाहीत, पण कोण गेलं ते मला कळलं.

पडदा पडल्यावर ते माझ्यावर धावून आले. “काकू, माझं भाषण! महिनाभर लिहिलं होतं मी!”

“तुमचं भाषण ऐकायला तो थांबला नसता.”

“तो तसाही थांबला नाही,” ते म्हणाले आणि तिथेच स्टेजवर बसले. त्यांना असं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मला राग आला होता, तो कुठे काढावा ते समजेना. झगा उचलून घरी आले.

सकाळी मुलगा माझ्या दारात उभा. डोळे सुजलेले.

“काकू, ते बाबांनी लिहिलं होतं?”

“नाही. त्यांचं मी विसरले.”

“मग तुम्ही उगाच बोललात?”

“मी उगाच बोलत नाही. त्या सकाळी मी तुमच्या घरात होते. तुझी आई मला चहा ओतून देत होती. कप भरला, पातेलं खाली ठेवलं आणि खाली बसली ती गेलीच. तुझ्या बाबांना हाक मारायला पण वेळ नाही मिळाला. तू इथे असतास तर काय केलं असतंस? कप धरला असतास?”

तो ओट्यावर बसला आणि रडायला लागला. शेजारी डायरेक्टरसाहेब आपल्या दारात उभे, तोंडात ब्रश, फेस हनुवटीवर आलेला. धड पुढे येववत नाही, धड आत जाववत नाही. मीच ओरडले, “अहो, थुंका आधी आणि या इकडे!”

आले. मुलाच्या शेजारी बसले. बापाने मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि मुलगा उठून गेला नाही.

पुढच्या वर्षी तो त्यांना हैदराबादला घेऊन गेला. रिक्षात बसताना ते म्हणतात, “काकू, दुसरा भाग लिहितोय. तुम्हाला परत जिवंत करतो.”

“नको. एकदा मेले ते ठीक आहे.”

आता गणपतीत आमच्याकडे डीजे असतो. कान फुटतात. कपडे कोणी शिवून मागत नाही.

या उन्हाळ्यात मुलगा एकटाच आला. बाबा गेले म्हणून सांगायला. मी विचारलं, कसे? तो म्हणाला, “मी घरातच होतो, काकू. बाजूच्या खोलीत ऑफिसचा कॉल चालू होता. बाबा त्यांचा सिनेमा बघत होते. मोठ्याने हसल्याचं ऐकू आलं, मग एकदम गप्प झाले. मला वाटलं, रडायचा सीन आला असेल.”

एवढं बोलून तो हसला, आणि हसता हसताच रडायला लागला, भर दुपारी, गल्लीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. तू घरात असतास तर काय केलं असतंस, हे या वेळी मला त्याला विचारावं लागलं नाही. मी पाणी आणायला आत गेले आणि जरा वेळ लावला.