ओट्यावर दोन

बापूसाहेबांनी तांबड्या पेन्सिलीनं माझ्या नावावर आडवी रेघ मारली. मग पुन्हा एकदा मारली, जोर देऊन. प्रुफाचा कागद ओला असतो. तो फाटला.

"हे काय घुसडलंस मध्येच?" ते म्हणाले.

"माझं नाव आहे."

"ते दिसतंय मला. इथं कशाला? ही माजी विद्यार्थ्यांची यादी आहे. तुला आभारात घातलंय की."

आभारात. म्हणजे पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, तळाला. तिथला मजकूर मला पाठ होता, कारण आदल्या दिवशी मीच तो खिळा खिळा करून जुळवला होता. ‘मांडव उभारणारे, झाडलोट करणारे व इतर सेवक यांचेही मंडळ आभारी आहे.’ इतर सेवक म्हणजे मी. नाव नाहीच. आणि माणूस वर म्हणतो, घातलंय की!

मी धुळ्यातल्या एका छापखान्यात जुळारी होतो. शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, हे माझं काम. सतरा वर्षं केलं. बापूसाहेब म्हणजे वकील, आणि आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाचे चिटणीस. आमच्या शाळेच्या म्हटलं मी. सवय आहे, जात नाही. दुसरी मोठी लढाई संपली त्या साली मंडळानं घाट घातला की देवपुरात कॉलेज काढायचं. पुण्या-मुंबईला पोरं किती दिवस धाडायची? कोणी जागा दिली, कोणी लाकूड दिलं, डॉक्टरांनी प्रयोगशाळेचं सामान कबूल केलं. आणि एक पुस्तक काढायचं ठरलं. शाळेचा इतिहास, जुन्या मास्तरांच्या आठवणी, शेवटी सगळ्या माजी विद्यार्थ्यांची नावं, सालवार. यादीत ज्याचं नाव त्याला कॉलेजच्या सभेत बसायचा अधिकार. बोलायचाही.

पुस्तकाचं जुळणीचं काम मी फुकट करतो म्हणालो. रोज सुटी झाल्यावर दोन तास जादा थांबून. शाळेसाठी आपण काय देणार? हात देऊ.

मूर्ख माणूस!

आता शाळेचं सांगतो. मी देवपूरच्या महारवाड्यातला. पांझरा नदी ओलांडून शाळेत जायचो. सरकारी मदत हवी तर आमची पोरं घ्यायला लागत होती, म्हणून घेतली. वर्गात नाही, वर्गाबाहेरच्या ओट्यावर. खिडकीखाली आम्ही दोघं बसायचो, मी आणि तुळशीराम. फळा निम्मा दिसायचा. डावीकडचा निम्मा. उजवीकडं काय लिहिलं ते मास्तरांच्या आवाजावरून ओळखायचं. उन्हाळ्यात ओटा असा तापायचा की आम्ही पाट्या बुडाखाली घ्यायचो. पाटी तपासायची झाली की पायरीवर ठेवून मागं सरायचं. मास्तर छडीच्या टोकानं चूक दाखवायचे. माझ्या फारशा चुका नसायच्या. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. छडी पाटीवर टेकायची नाही, वरूनच परत जायची, म्हणून लक्षात आहे.

आणि हजेरी. मास्तर एकेक नाव घ्यायचे, आतून हजर, हजर असं यायचं. शेवटचं नाव झालं की मास्तर मान वर न करता विचारायचे, "ओट्यावर?"

खिडकीशी बसणारा मुलगा बाहेर डोकावून सांगायचा, "दोन."

मास्तर दोनचा आकडा लिहायचे. एखाद्या दिवशी तुळशीराम तापानं पडला तर एक. सहा वर्षं मी त्या शाळेत होतो. सहा वर्षांत माझं नाव कोणी एकदाही पुकारलं नाही. मी घरी जाऊन आईपुढं उभा राहायचो, तिला म्हणायचो, तू माझं नाव घे, मी हजर म्हणतो. ती बिचारी हसायची, घ्यायची. मला रडू यायचं. तिला वाटायचं, खेळात रडतोय.

खिडकीशी बसणारा मुलगा कोण? बापू. आजचे बापूसाहेब वकील.

खिडकीतून ऐकलेल्या शिक्षणावर मला छापखान्यात काम मिळालं. मालकांना आम्ही आबा म्हणायचो. माणूस भला. मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरं ओळखतो म्हटल्यावर त्यांनी जात विचारली, ऐकली आणि ते म्हणाले, "शिशाला विटाळ नसतो. ये उद्यापासून." पाण्याचा माठ मात्र माझा वेगळा. तेवढं चालायचंच, असं मीही म्हणत होतो.

माजी विद्यार्थ्यांच्या पहिल्या मेळाव्याचं पत्रक मीच जुळवलं. ‘सर्व माजी विद्यार्थ्यांनी अगत्य येण्याचे करावे.’ सर्व हा शब्द मी माझ्या बोटांनी लावलेला, त्यामुळे मला तो खरा वाटला. धुतलेला कोट घालून गेलो. फाटकातच बापूसाहेब भेटले. "अरे वा, तू आलास? बरं झालं. माणूस कमीच पडत होता. मांडवाचे खड्डे खणायचेत बघ."

मी कोट काढून लिंबाच्या फांदीला अडकवला आणि खड्डे खणले. पंगती उठल्यावर उष्ट्या पत्रावळी उचलल्या. माझं पान भिंतीमागं वाढलं. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्याही. अकरा वर्षं. दर वर्षी कोट घालून जायचो, हे विशेष. मनाची समजूत घालायचो, अरे, वकील पैसा देतो, डॉक्टर औषध देतो, तू अंगमेहनत देतोस. शाळेचं ऋण कोणी कसं फेडावं! बायको एकदाच बोलली. भाकरी थापता थापता म्हणाली, "तुम्ही कसाले जातस तठे? तुमनं नाव तरी शे का तठे?" मी तिच्यावर खेकसलो. ती बरोबर होती, म्हणूनच खेकसलो असणार.

तर ती यादी. बापूसाहेबांच्या हातचा मजकूर माझ्यापुढं होता. आमचं साल आलं. एकेक नाव जुळवत गेलो. हा गणितात कच्चा होता. हा माझ्या पाटीवर थुंकला होता, आता नरडाण्याला स्टेशनमास्तर आहे. याची आठवण बरी, यानं एकदा खिडकीतून बोरं टाकली होती. सगळी नावं आली. बापूसाहेबांचं दोनदा आलं, एकदा विद्यार्थी म्हणून, एकदा चिटणीस म्हणून. माझं नाही. तुळशीरामचं नाही.

मी हातातली ओळ खाली ठेवली. तिथंच खाली बसलो. राग आला असं म्हणणार नाही. दमल्यासारखं झालं. अकरा वर्षांचे सगळे खड्डे एकदम अंगावर आल्यासारखे झाले. मग उठलो आणि खिळ्यांच्या खणांतून एकेक अक्षर काढून दोन नावं जुळवली. बापाच्या नावासकट, आडनावासकट. पहिल्यांदाच आमची नावं वर्गाच्या आत गेली. उलटी, शिशाची, पण गेली. तुळशीरामच्या नावातला ‘ळ’ तेवढा झिजलेला होता, तो मी बदलला.

प्रुफात ती छापून आली, आणि त्यावर तांबडी रेघ. तुळशीरामच्याही नावावर.

मी म्हणालो, "बापूसाहेब, मी शिकलो त्या शाळेत."

"नाही कोण म्हणतंय? पण मला रजिस्टर बघायला नको? जुनं प्रवेशाचं बुक वाळवीनं खाल्लं. हजेरीपत्रकं उरलीत. त्यांत तुमची नावं नाहीत. आकडा आहे. आकडा कसा छापू?"

"आकडा तुम्हीच सांगत होता. खिडकीतून."

ते हसले. आठवण निघाल्याचं बरं वाटावं, तसे हसले. "हो की रे! ओट्यावर दोन! मोजायचं काम होतं माझं, मोजत होतो. नावं कोणी विचारली होती?"

हे वाक्य मी विसरलेलो नाही. मरेपर्यंत विसरणार नाही. आवाजात दुष्टपणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"काढ ते," ते म्हणाले. "आज छापायला जाऊ दे. रविवारी सभा आहे."

"मी नाही काढणार."

गल्ल्यावरून आबा उठून आले. ट्रेडल मशीन चालवणाऱ्यानं पाय थांबवला.

"काय बोललास?" बापूसाहेबांनी विचारलं.

"माझं नाव मी माझ्या हातानं काढणार नाही. तुम्हाला काढायचं तर तुम्ही काढा."

मी भ्यालो होतो. उगाच शूराचा आव आणत नाही. पण बोललो ते बोललो.

आबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, गिऱ्हाईक आहे. मी तुझ्या बाजूचा आहे, पण गिऱ्हाईक आहे."

तेवढ्यात बापूसाहेबांनीच हात घातला. यादीचं पान दगडी टेबलावर लोखंडी चौकटीत कसून ठेवलं होतं, कडेनं लाकडी पाचरी ठोकून. कसलेली चौकट उचलली तरी एक खिळा हलत नाही. त्यांनी हातोडी घेऊन दोन पाचरी सैल केल्या. मग नाव सापडेना. शिशात अक्षरं उलटी असतात, वाचायची सवय लागते. उजेडाकडं धरून बघावं म्हणून त्यांनी चौकट उभी उचलली. सैल चौकट उचलायची नसते, हे आमच्या धंद्यात शेंबडं पोरसुद्धा जाणतं. आबा ओरडले, "अहो, राहू द्या, राहू द्या!"

सगळं पान खाली आलं. तीस सालांची नावं. खडखडाट झाला आणि फरशीवर शिशाचा ढीग पडला. कोणाचं अक्षर कुठलं, काही कळेना.

मग आबा मला म्हणाले, "उचल बाबा. लाव परत."

उष्टी पानं उचलायला मी अकरा वर्षं वाकलो होतो. कंबर आपोआप वाकायला निघालीच होती. ती मी सरळ केली. खरंच सांगतो, सगळ्या आयुष्यात एवढं अवघड काम दुसरं केलं नाही.

"आबा, मी उचलणार नाही."

"मग कोण उचलणार?"

"ज्यांनी पाडलं ते."

बापूसाहेबांनी खाली पाहिलं, आपल्या पांढऱ्या धोतराकडं पाहिलं, आणि म्हणाले, "माजलेत." मला नाही, आबांना म्हणाले. मग काठी घेऊन निघून गेले. आबांनी संध्याकाळी मला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. सांगताना त्यांचे डोळे ओले होते. डोळ्यांतल्या पाण्यावर चूल पेटत नाही, असं मी त्यांना म्हणालो. तेही पहिल्यांदाच बोललो.

घरी बायकोला सांगितलं. वाटलं, कपाळाला हात लावेल. तिनं एवढंच विचारलं, "तुळशीरामभाऊले माहीत शे का?"

दुसऱ्या दिवशी निघालो. चाळीसगावला गाडी बदलून जळगाव. तुळशीराम तिथं रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करतो, मेहरूणला राहतो. तलावाच्या काठी त्याची झोपडी. मी सगळं सांगितलं. तो बिडी ओढत ऐकत राहिला.

"जाऊ दे रे भो," तो म्हणाला. "काय ठेयेल शे तठे?"

मग आत पोरं नाहीत असं बघून, हळू आवाजात म्हणाला, "पोरेसले मी सांगेल शे, मी शाळाच पाहेल नही."

अरे देवा! ज्याला निम्म्या फळ्यावरून सगळं गणित यायचं, तो माणूस पोरांना सांगतो की शाळा बघितली नाही. कारण शाळा बघितली म्हटलं तर कुठं बसत होता तेही सांगावं लागतं. त्याची लाज त्याला. बसवणाऱ्यांना नाही.

माझ्या अंगातला थकवा अजून गेलेला नाही. नवं काम मिळालेलं नाही. पण त्या दिवशी तुळशीरामच्या दारात बसून मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. मी इतकी वर्षं शाळेला काय देऊ, काय देऊ म्हणत होतो. आता देणं बंद. आमच्या आधीची, आमच्या नंतरची ओट्यावरची पोरं कुठं कुठं आहेत ते आम्ही दोघं आठवत बसलो. अमळनेरच्या गिरणीत एक, शिरपूरकडं एक मास्तर, धुळ्यातच तिघं. आम्हा दोघांना धरून नऊ जण निघाले. तुळशीरामनं बिडी विझवली आणि दहाव्याचं नाव सांगितलं. ते मला ठाऊक नव्हतं.

रविवारची सभा पुढं गेली आहे, यादी नाही म्हणून. ती होईल तेव्हा आम्ही दहा जण जाणार. बोलावणं येणार नाही, ठाऊक आहे. जाऊन माजी विद्यार्थ्यांच्या खुर्च्यांवर बसणार. उठवायला येईल त्याला आपापलं नाव सांगणार, बापाचं नाव सांगणार, कुठल्या वर्गाच्या कुठल्या खिडकीखाली बसलो ते सांगणार. आम्ही या शाळेत शिकलो, हे आधी कबूल करा. मग खुशाल कॉलेज काढा. कबूल करणार नसाल तर पोलीस बोलवा, कारण आमच्यातला कोणी आपणहून उठणार नाही.