पलंगावरून दिसणारा वॉर्ड

आमची आत्या लोकांना गाडी चालवायला शिकवायची. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो ती इतका पटकन दाबायची की शिकणाऱ्यांनी तिचं नाव ‘ब्रेकबाई’ ठेवलं होतं. “नावं ठेवायला जिवंत आहात ना, मग झालं!” असं ती हसत म्हणायची.

चाळिशी यायच्या आतच तिला आजाराने गाठलं. आधी झोप उडाली, मग रेडिओवरची माणसं आपल्याशीच बोलताहेत असं तिला वाटू लागलं. बाबांनी तिला मनोरुग्णालयात दाखल केलं. पुढची काही वर्षं तिचं आत-बाहेर चालूच होतं. औषधांनी आवाज थांबले, पण हात थरथरायला लागले, डोळ्यांवर झापड यायची. गाडी सुटली ती सुटलीच. ती आमच्याकडे राहायला आली. आई नात्याने तिची वहिनी, पण सख्ख्या बहिणीसारखी तिच्या पाठीशी उभी राहिली.

रुग्णालयाला लागूनच नर्सिंग कॉलेज होतं. तिथल्या प्राध्यापिका दरवर्षी आत्याला विद्यार्थिनींपुढे बोलायला बोलवायच्या. आत्या आपली हकीकत सांगायची, मुली डोळे पुसायच्या, टाळ्या वाजायच्या. एका वर्षी ती घरी आली ती धुसफुसतच.

“काय झालं गं?” आईने विचारलं.

“काय व्हायचंय! रडल्या, टाळ्या वाजवल्या, मोकळ्या झाल्या. मी काय नाटक कंपनी आहे? शिकवायला गेले असते, तर एकीने तरी प्रश्न विचारला असता.”

“मग शिकव की,” आई भाजी चिरता चिरता म्हणाली.

आत्याच्या डोक्यात ते पक्कं बसलं. ती प्राध्यापिकाबाईंकडे गेली आणि सरळ म्हणाली, “मला हकीकत सांगायची नाही. विषय शिकवायचाय. आजार तुम्ही शिकवता, औषधं शिकवता. हे सगळं ज्याच्यावर होतं त्याला ते कसं दिसतं, याचाही अभ्यास व्हायला हवा.”

बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “तुमचा अनुभव खरा आहे. पण एकटीचा अनुभव म्हणजे विषय नव्हे. दुसऱ्या कोणाला अगदी उलट वाटलं असेल तर?”

आत्या फणकारत घरी आली, जेवली नाही. सकाळी मात्र म्हणाली, “त्यांचं बरोबर आहे.” मग तिने रुग्णालयातल्या जुन्या ओळखी शोधून काढल्या. एक बेकरीवाला, एक शिवणकाम करणारी बाई, एक निवृत्त पोस्टमन. सगळे आमच्या पुढच्या खोलीत जमले आणि पहिल्याच दिवशी भांडले.

“वॉर्डाच्या दारावरच्या त्या कुलपानेच मला वाचवलं,” बेकरीवाला म्हणाला. “दार उघडं असतं तर आज मी नसतो.”

“आणि मला अजून कुलपाचा आवाज ऐकला की घाम फुटतो!” शिवणवाली बाई कडाडली.

आत्याचा चेहरा उजळला. “थांबा, थांबा. हाच पहिला धडा!”

पुढच्या बैठकीला प्राध्यापिकाबाई स्वतः आल्या. कोणी काय अनुभवलं, ते इतरांशी कुठे जुळतं, कुठे नाही, यावर त्या खोदून खोदून प्रश्न विचारायच्या. त्या वादांतून एकेक पाठ तयार झाला. विषयाच्या नावावरून मात्र सगळ्यांच्या नाकी नऊ आले. ‘रुग्ण’ कोणालाच नको होतं. बाईंनी ‘ग्राहक’ सुचवलं. पोस्टमन म्हणाला, “ग्राहकाला माल आवडला नाही तर परत करता येतो. आम्ही काय परत करणार, इंजेक्शन?” शेवटी ‘सेवा घेणाऱ्यांचा दृष्टिकोन’ हे नाव ठरलं.

पहिल्या तासाला आत्याने फळ्यावर लिहिलं, ‘रुग्ण सहकार्य करत नाही.’ आणि विचारलं, “म्हणजे ती रुग्ण नक्की काय करते?”

“गोळी घेत नाही,” एकजण म्हणाली.

“गोळी कशाची, हे तिला कोणी सांगितलं होतं?”

मागच्या बाकावरून एकीने धीर केला, “पण मॅडम, अख्खा वॉर्ड एकटीने सांभाळायचा असतो तेव्हा प्रत्येकीला समजावत कसं बसायचं?”

“शाब्बास!” आत्या म्हणाली. “याचं उत्तर मलाही येत नाही. चला, शोधू या.”

वर्ग रंगात आला असतानाच आत्याची झोप पुन्हा उडाली. या वेळी तिने स्वतःच आईला सांगितलं आणि ती दाखल झाली. आता आपल्याला कोण शिकवू देणार, या विचाराने ती खचली होती. वॉर्डातली म्हातारी आयाच रोज तिची वेणी घालून द्यायची. त्या वॉर्डात कामाला होती मागच्या बाकावरची तीच विद्यार्थिनी. आत्याला पाहून मुलगी गडबडली. मग स्टूल ओढून शेजारी बसली. “मॅडम, ही गोळी झोपेची आहे. सकाळी तोंड कोरडं पडेल. आत्ता घेता, की थोड्या वेळाने?”

आत्याला रडू कोसळलं. नंतर ती आम्हाला म्हणाली, “इतकी वर्षं मला गोळी दिली गेली. त्या दिवशी ती मी घेतली.”

भेटीच्या वेळेत प्राध्यापिकाबाई आल्या. “तुमचा तास बेकरीवाले घेताहेत. बोलतात झकास, पण अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! लवकर बऱ्या व्हा.” कित्येक दिवसांनी आत्या खळखळून हसली.

ती बरी होऊन वर्गावर परतली. मुलींनी तिला आजाराबद्दलही मोकळेपणाने विचारलं आणि तिने सांगितलं. पुढच्या वर्षापासून तो विषय अभ्यासक्रमात कायमचा आला. आत्या कॉलेजात रीतसर शिक्षिका झाली. बेकरीवाला आणि शिवणवालीही तास घेतात आणि कुलपावरून अजून भांडतात.

नेमणुकीच्या दिवशी छोटा समारंभ झाला. आत्या बोलायला उभी राहिली. अडवणारा प्रश्न विचारल्याबद्दल तिने बाईंचे आभार मानले. स्टूल ओढून बसलेल्या मुलीचे मानले. वॉर्डात रोज तिची वेणी घालून देणाऱ्या म्हाताऱ्या आयाबाईंचे मानले. मग म्हणाली, “आणि आमच्या वहिनी. ‘मग शिकव की’ म्हणाल्या आणि पुन्हा भाजी चिरायला लागल्या. मला जमेल की नाही, अशी शंकासुद्धा त्यांना आली नाही. या सगळ्यांच्या ऋणातच मला राहायचंय.”

मागच्या रांगेत आई माझ्या कानात कुजबुजली, “इतकं काय त्यात!” आणि पदराने डोळे पुसायला लागली.