नावाखालचा ठसा

"पयले पालथं करा जी, मंग बोला." कोणतीही वस्तू समोर आली की भंडाऱ्यातले आमचे जुन्या भांड्यांचे दुकानदार एवढेच म्हणत. पंगतीतसुद्धा ते ताट आधी उलटे करून पाहत. वरण वाढून झाले असेल, तर हळहळत.

आपल्याकडे प्रत्येक खानदानी घरात इंग्रज साहेबाने खूश होऊन दिलेला चांदीचा एखादा ट्रे असतोच. साहेबांनी एवढी चांदी वाटली असेल, तर ते राज्य सोडून का गेले, हे वेगळे सांगायला नको. असा ट्रे आला की दुकानदार भिंग काढून धडा देत. विलायती चांदीवर चालत्या सिंहाचा शिक्का असतो. मुलाम्याच्या वस्तूवर ई-पी-एन-एस ही चार अक्षरे असतात, आणि ती छोट्या चौकटींत अशी बसवतात की चांदीचेच शिक्के वाटावेत. "वरून चांदीचं पाणी, आत जर्मन सिल्वर. त्यात चांदी फक्त नावाले," असा निकाल ऐकून मंडळी रागावत आणि घरी जाऊन ट्रे पुन्हा काचेच्या कपाटात ठेवत.

त्यांचा खरा राग आपल्या एका रीतीवर होता. भांडे घरात आले की आपण त्यावर नाव घालून घेतो, आणि नाव घालणारा नेमका कारखान्याच्या ठशावर छिन्नी चालवतो. "नाव घालाची एवढी घाई कायले?" ते कळवळून विचारत.

माझ्या मुलीच्या लग्नात आजोबांचा चांदीचा ट्रे देईन, असे मी व्याह्यांना सांगून बसलो होतो. शिक्षकाने परीक्षेआधी उत्तर जाहीर करू नये, मी केले. लग्नाच्या आठ दिवस आधी ट्रे घेऊन मी दुकानात गेलो. तळावर आजोबांचे नाव होते आणि त्याच्या कडेला एका पुसट 'ई'चे टोक.

"गुरुजी, बाकी सारा तळ कोरा हाये. नाव मात्र बरोब्बर चार अक्षरांवर. तुमचे आजोबा लय हुशार होते!"

"कृपा करून कोणाला सांगू नका."

"खोटं मी बोलत नाही. पण कोणी विचारलंच नाही, त कायले सांगू?"

विचारले. भर मांडवात खुद्द व्याह्यांनी ट्रे दुकानदारांच्या हाती दिला. "तुम्ही जाणकार. सांगा बरं, असली हाये ना?"

त्यांनी खिशातून भिंग काढले. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या मुलीकडे एकदा पाहिले. मग भिंग परत खिशात गेले. ट्रे पालथा झालाच नाही.

"ट्रे नेऊन राहिले का सून, व्याहीबुवा?"

मांडव हसला. व्याह्यांनाही हसावे लागले. मला मात्र हसता आले नाही.

यंदा दुकानदार गेले. तेरवीला मुलांनी आम्हा सर्वांना त्यांच्या स्मरणार्थ स्टीलचे एकेक ताट दिले. सवयीने मी ते पालथे केले. त्यांचे नाव ठळक घातलेले होते. कारखान्याचा ठसा त्याखाली पार नाहीसा झाला होता. एवढी घाई कायले, असे विचारणारे आता कोणी नव्हते.

मी ताट सुलटे केले.