दमा नाही, पंप आहे

निघायच्या सकाळी आईने दारातच गाठलं. "पंप घेतलास ना? आणि तिकडे चारचौघांत काढत बसू नकोस. कुणी विचारलंच तर ॲलर्जी आहे म्हण."

पंप म्हणजे तोंडात धरून औषध ओढायचं ते इनहेलर. पुण्यात डॉक्टरांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळे त्याला पंपच म्हणतात. लहान मुलांच्या दम्यावर संशोधन करण्यात माझी अर्धी हयात गेली. मला स्वतःला लहानपणापासून दमा आहे, म्हणूनच बहुधा या वाटेला लागले. पण आमच्या घरात दमा हा शब्द फक्त माझ्या व्हिजिटिंग कार्डावर राहतो. घरात मला धुळीची ॲलर्जी आहे.

या प्रवासाचं कारण मात्र मोठं अभिमानाचं होतं. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या काही गावांत आमच्या माणसांनी घरोघरी दोन प्रश्न विचारले होते: घरात कुणा मुलाला दमा आहे का, आणि घरात पंप आहे का? पहिल्याला जवळजवळ सगळ्यांनी नाही म्हटलं, दुसऱ्याला जवळजवळ सगळ्यांनी हो. रोग नाही आणि औषध मात्र घरोघरी! आमच्या विभागप्रमुखांना यात ग्रामीण आरोग्याची क्रांती दिसू लागली. मला शंका येत होती, आणि प्रश्न मीच तयार केलेले असल्यामुळे ती बोलून दाखवायची सोय नव्हती. मी म्हटलं, जाऊन बघून येते.

नगर रस्त्यावर कारखान्यांच्या बसेसमागे धूर खात विभागाच्या जीपने शिरूर गाठलं. तिथे रूथताई भेटल्या. मिशनच्या दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या नर्स, आता आमच्या पाहणीत काम करतात. आवाज खणखणीत आणि मत प्रत्येक गोष्टीवर तयार. एसटी स्टँडसमोर त्यांनी मला भरपेट मिसळ खाऊ घातली आणि वर सुनावलं, "पुण्याच्या मिसळीत नुसता दिखावा असतो." पुण्याच्या वतीने मी गप्प बसले.

तिथून इनामगावला गेलो. घोड नदीच्या काठी इथे हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तीचं उत्खनन झालेलं आहे. त्या लोकांची मुलं दगावली की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. मुलांची डॉक्टर असल्यामुळे त्या पांढरीवर (जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडावर) मला काही फार वेळ उभं राहवेना. त्या मुलांना काय झालं होतं देव जाणे. दमा होता असं त्यांच्याही घरच्यांनी कबूल केलं नसतं, एवढं मात्र खात्रीने वाटलं.

गावात पारावर एक मामा तंबाखू मळत बसले होते. मी विचारलं, "मामा, तुमच्या घरात पंप आहे?"

"हाय की."

"कधी वापरता?"

"लाईट आसंल तवा. ह्या आठवड्यात रातची हाय."

लाईटचा काय संबंध ते मला कळेना, पण दमा रात्री वाढतो हे मी पुस्तकात वाचलेलं आणि अंगावर काढलेलं. मी उत्साहाने म्हटलं, "म्हणजे रात्री दम लागतो?"

"लागतो म्हंजी? पार जुना झालाय. पानीच उचलत न्हाई. पाच हॉर्सपॉवरचा हाय, पर आता काय दम ऱ्हायला न्हाई त्याच्यात."

रूथताईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलत होते. क्रांती विहिरीत पडली होती, आणि तिला ढकलणारी मीच होते.

पुढे भीमा ओलांडून दौंड तालुक्यात शिरलो. दोन्हीकडे ऊस, मध्ये रस्ता, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. खुटबावला पोचेपर्यंत रूथताईंना हसू आवरत नव्हतं.

खुटबावच्या शाळेत मुलांच्या फुप्फुसांचा जोर मोजायचा होता. आमच्याकडे त्यासाठी एक नळी आहे, फुंकर मारली की काटा सरकतो. मुलांनी तिचं लगेच नाव ठेवलं, 'फुंकणी', आणि वर्गात शर्यतच सुरू झाली. सहावीतली वैष्णवी, खो-खोच्या संघातली काटक मुलगी, पुढे आली. तिने जीव खाऊन फुंकर मारली. काटा जागचा जेमतेम हलला. कोणी हसलं नाही, कारण तिच्या छातीतली घरघर पहिल्या बाकापर्यंत ऐकू येत होती.

"मला सर्दी हाय," ती आपणहूनच म्हणाली.

"कधीपासून?"

"पयल्यापासनं."

शिक्षिकेने सांगितलं, आता तिला खो-खोच्या संघातून काढावं लागणार. मागच्या वेळी मैदानातच ओठ निळे पडले होते. वैष्णवी पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत उभी होती. मला ते बघवेना. औषधाने ही मुलगी पळू शकली असती. नुसता एक शब्द तिच्या घरात शिरायला हवा होता.

शाळा सुटल्यावर वैष्णवीबरोबर तिच्या घरी गेलो. घर म्हणजे गुऱ्हाळाला लागूनच. आईवडील कामावर, घरी फक्त आजोबा. गावात सगळे त्यांना आबा म्हणत, आणि गुऱ्हाळही त्यांचंच. काहिलीत (मोठ्या पसरट कढईत) रस उकळत होता, उत्तरेकडचे कामगार हिंदीत एकमेकांवर ओरडत होते, आणि चुलवणात चिपाडांबरोबर भंगारातलं रबर जळत होतं. आबांनी मोठ्या अगत्याने गरम गुळाचा गोळा हातावर ठेवला. असा गूळ मी जन्मात खाल्ला नव्हता, आणि असा धूरही.

"आबा, वैष्णवीला दमा आहे," मी म्हटलं. "तिला पंप सुरू करायला हवा. विहिरीवरचा नव्हे, हा तोंडाने ओढायचा."

"आमच्या खानदानात दमा न्हाई," आबा शांतपणे म्हणाले. "आन् ज्याला पंप लागला त्याचा सुटत न्हाई. उद्या लगीन करायचंय पोरीचं. दम्याची पोर कोण करंल?"

"तिला श्वास घेता येत नाही हो!"

"सर्दी हाय. हुईल बरी."

मी पुढचं भाषण सुरू करणार, तोच धुराचा एक लोट अंगावर आला आणि माझीच छाती आवळली. 'जरा फोन आलाय' असं पुटपुटत मी जीपच्या मागे गेले, इकडेतिकडे पाहिलं आणि पंप ओढला. वळून बघते तर वैष्णवी उभी.

"मॅडम," तिने विचारलं, "तुमालाबी सर्दीच हाय का?"

आईने शिकवलेलं उत्तर जिभेवर तयार होतं. इतकी वर्षं ते आपोआप बाहेर पडत आलं होतं. पण त्या पोरीचे खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलले जात होते, आणि मला स्वतःचाच राग आला.

"नाही गं. दमा आहे मला."

हे जरा जोरातच बोललं गेलं असावं. आबा काठी टेकत जीपपर्यंत आले. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुमाला? डाक्टर असून?"

"वैष्णवीपेक्षा लहान होते तेव्हापासून."

"लगीन झालंय?"

"झालंय."

"मालकांना ठावं हाय?"

"आहे. पण त्यांना माझे बाकीचे दोष इतके दिसतात, की दम्याचा नंबरच लागत नाही."

रूथताई खळखळून हसल्या. आबांच्या मिशीतही काहीतरी हललं. त्यांनी माझ्या हातातला पंप घेतला, उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "कितीचा हाय ह्यो? पाचचा?"

वैष्णवीला मी बॅगेतला नवा पंप काढून दिला आणि ओढायला शिकवलं. थोड्या वेळाने तिचे खांदे खाली आले. ती खोल श्वास घेऊन बघत राहिली, पुन्हा पुन्हा. माझे डोळे भरून आले. मी धुराचं निमित्त सांगितलं. आबा म्हणाले, "बरं, घिऊ द्या. पर गावात सर्दीचाच म्हना." रबराचं विचारलं तर म्हणाले, "शिजन संपू द्या, बगू."

यवतला चहा घेतला. रूथताईंना तिथून शिरूरकडे जायला गाडी करून दिली आणि मी पुण्याला आले. गावात अजून दमा हा शब्द उच्चारत नाहीत, शिकायला वेळ लागेल, असं सगळं अहवालात लिहायचं मनाशी ठरवत जिना चढले. लिफ्ट बंद होती. वर पोचेपर्यंत मला धाप लागली. शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या.

"काय गं, बरं नाही का?"

"दमा आहे मला, काकू."

आई घाईघाईने बाहेर आली. "ॲलर्जी! धुळीची ॲलर्जी आहे तिला."

काकूंनी जिन्यात वरखाली पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. "आमच्या चिन्मयलाही आहे गं, ॲलर्जी. रात्र रात्र उशीला टेकून बसतो. त्याला कोणता पंप चालेल?"

मी बॅग खांद्यावरून न उतरवताच त्यांच्या घरात शिरले.