धरणावरचे झटके

एक धरण, तीन होड्या आणि चार हट्टी माणसं एकत्र आली की किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपोआप साचतात, आणि कुणी नुसतं ‘शीड’ म्हटलं तरी बाहेर पडतात!

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आम्ही दर रविवारी नाशिकहून गंगापूर धरणावर शिडाच्या होड्या हाकायला जायचो. आम्ही म्हणजे मी, कॉलेजात इतिहास शिकवणारा. दातांचे डॉक्टर कुलथे. पिंपळगावचे द्राक्षबागायतदार बोराडे. आणि नौदलातून निवृत्त झालेले साळवे, आमचे गुरू. त्यांना सगळे ‘चीफ’ म्हणत.

चीफचा धडा एकच. “होडी वजनानं मोडत नाही, झटक्यानं मोडते. झटका मारू नका, झटका जिरवा!”

तो धडा फक्त बोराडेंना कळला. माझं दुखणं तिथूनच सुरू झालं.

*

होड्या काठापासून जरा आत, नांगरलेल्या रिकाम्या पिंपांना बांधलेल्या असत. आमचे काथ्याचे दोर लाटांनी हिसके बसून तुटायचे. बोराडेंनी मुंबईहून पांढराशुभ्र नायलॉनचा दोर आणला. लाट आली की तो ताणला जायचा, गेली की आखडायचा. चीफ म्हणाले, “वा, बोराडे!”

ते ‘वा’ मला आठवडाभर पुरलं. मी तडक भद्रकालीच्या बाजारात गेलो आणि बोटाएवढी जाड पोलादी तार घेऊन आलो. “आता तुटू दे बघू!”

पुढच्या रविवारी पाहिलं, तर तार शाबूत. तिच्या टोकाला माझ्या होडीची खुंटी, खुंटीला चिकटलेली फळी. होडी पलीकडच्या काठाला!

चीफ शांतपणे म्हणाले, “सर, तार उत्तम आहे. आता तिला एक होडी घ्या.”

*

मग बोराडेंनी दोराला ट्रॅक्टरच्या ट्यूबचा जाड पट्टा जोडला. हिसका रबर खाणार, दोराला कळणारसुद्धा नाही. आता डॉक्टरांच्या पोटात दुखायला लागलं. त्यांनी स्कूटरच्या ट्यूबचे बारीक पट्टे कापले आणि दोराऐवजी नुसतं रबरच बांधलं!

वारा सुटला. होडी मागे गेली, गेली, गेली... आणि वारा पडताच अशी सुटली की चीफ बसले होते त्या काठावरच्या पायऱ्यांवर थेट येऊन आदळली. चीफच्या हातातला चहा चीफच्या अंगावर.

“डॉक्टर, होडी बांधलीय का गलोल?”

*

एका बुधवारी कॉलेजला दांडी मारून मी एकटाच धरणावर गेलो. म्हटलं, या बोराडेंची गाठ एकदा नीट बघून घ्यावी. पाण्यातून गुपचूप बोराडेंच्या होडीपाशी पोचलो, तर आत कुणीतरी ओणवं झालेलं. डॉक्टर! दाढ तपासावी तसे खुंटीत डोकावत होते.

“मी आपला सहज आलो होतो,” डॉक्टर म्हणाले.

“मीपण!”

तेवढ्यात काठावरून आवाज आला. बोराडे थर्मास घेऊन उभे. “या या! त्या अंगाची गाठ बघून झाली का? ती लय भारी हाय!”

रागावलेही नाहीत हो! त्याचा जास्त राग आला.

*

माझी बायको सुमती होडीत माझ्याबरोबर असायची. वारा पाठीमागून असताना वळलं की शिडाची आडवी काठी एका बाजूनं दुसऱ्या बाजूला धाडकन जाते. माझी अशी आदळायची की डोलकाठी कण्हायची. बोराडेंची मात्र कूस बदलावी तशी अलगद.

“ते शिडाचा दोर आधी जवळ घेतात,” सुमती म्हणाली. “काठी पलीकडे गेली की हळूहळू सोडतात. तुम्ही आधी सोडून देता आणि मग ओढत बसता.”

“तुला काय कळतंय?”

“घरीही तसंच करता!”

*

आता शेवटचा. उन्हाळ्यातली आमची शर्यत. मी आणि सुमती आयुष्यात पहिल्यांदा बोराडेंच्या पुढे होतो! मी मागे वळूनही बघत नव्हतो. अचानक वळवाचं वारं सुटलं आणि मागे कडाड झालं. बोराडेंच्या डोलकाठीला बाजूनं धरून ठेवणारी तार तुटून काठीच आडवी झाली होती. त्यांच्या हातातून रक्त येत होतं, आणि लाटा होडीला धरणाच्या दगडी भिंतीकडे ढकलत होत्या.

खरं सांगतो, घाबरलो. पण त्याच्याआधी, एक क्षणभर, बरं वाटलं होतं.

“फिरवा,” सुमती म्हणाली.

“अगं, आपण पहिले आहोत!”

“फिरवा म्हणते ना!”

फिरवली. दोर फेकला, बोराडेंनी एका हातानं तो अडकवला. मी घाईत आखूड बांधला होता. पहिल्याच लाटेला हिसका बसला आणि दोर फाटकन तुटला. भिंत आता इतकी जवळ की दगडांवरचं शेवाळ दिसत होतं.

दुसऱ्यांदा लांब दोर फेकला. या वेळी सुमतीनं तो बांधूच दिला नाही. डोलकाठीच्या बुडाला दोन वेढे दिले आणि टोक हातात धरून बसली. लाट आली की थोडा सरकू द्यायची, गेली की आवळायची. तिचे तळवे सोलून निघाले, पण एक झटका बसू दिला नाही. बोराडेंची होडी भिंतीपासून हळूहळू सुटली आणि आमच्या मागे निमूट येऊ लागली.

शर्यत डॉक्टर जिंकले. काठावर कुणाचं लक्षच नव्हतं. चीफ म्हणाले, “वा, वहिनी!” आणि डॉक्टर बोराडेंच्या हाताला पट्टी बांधत बसले.

बोराडे मात्र सुमतीकडे बघत होते. ती ओला दोर गुंडाळत होती आणि मधूनमधून मला रागावत होती. मला वाटलं, आता हे आभार मानणार, नाहीतर नवी कुठलीतरी गाठ शिकवणार. मी जरा ताठ बसलो.

ते जवळ सरकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

“सर, दोराचं जाऊ द्या हो. माझी मंडळी अजून एकदाबी काठापर्यंत आली नाय. वहिनींना होडीत बसायला तयार कसं केलंत, तेवढं सांगा!”